कारागिरांचे पिरॅमिड

इजिप्तमधल्या लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर आलेल्या बहुतेक टूरच्या बसगाड्या थेट राजांच्या दरीकडे वळतात. आम्ही आधी देर अल-मदिना गाठलं. राजांची थडगी कोरणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. आता गुडघा-कंबरेएवढ्या भिंती उरल्यात, पण गल्ली, उंबरा, मागचं स्वयंपाकघर सहज ओळखू येतं. घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की शेजाऱ्याची भांडणं ऐकू न येणं अशक्यच!

शेजारच्या टेकडीच्या उतारावर यांची स्वतःची थडगी आहेत, आणि त्यांवर मातीच्या विटांचे छोटे पिरॅमिड असत. एक पुन्हा उभा केलेला दिसतो. गंमत अशी, की तोवर राजांनी पिरॅमिड बांधणं सोडून दिलं होतं. खुफू राजाच्या १४६ मीटर उंच पिरॅमिडला हजारापेक्षा जास्त वर्षं उलटली होती. राजे आता डोंगराच्या पोटात लपत होते. पिरॅमिडची हौस भागवली ती त्यांच्या नोकरदारांनी.

सेन्नेजेम या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये सापडलं, तेही न लुटलेलं. अरुंद पायऱ्या वाकून उतरलो आणि पिवळ्याधमक रंगानं डोळे दिपले. कमानदार छताची ही खोली आपल्याकडच्या बेडरूमपेक्षा मोठी नसेल. एका भिंतीवर परलोकातलं शेत आहे. सेन्नेजेम ठिपक्याठिपक्यांच्या बैलांचा नांगर हाकतोय, मागून बायको इनेफर्ती बी टाकत चालली आहे. दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र, चुण्यांचे तलम कपडे! असल्या कपड्यांत कोण शेतात उतरतं? पण स्वर्गातल्या चिखलाचे डाग पडत नसावेत. सभोवती निळा कालवा, खाली फळांनी लगडलेल्या खजुराच्या झाडांची रांग. राजांच्या थडग्यांत देव आणि साप फार. इथे नवराबायको आहेत. मला तरी हेच जास्त आवडलं.

या गावाची माहिती एवढी मिळते, कारण इथली माणसं चुनखडीच्या कपच्यांवर सतत काहीबाही खरडत. दुसऱ्या रामसेसच्या काळातलं हजेरीपत्रक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती. शेवटचं कारण साहेबांना चालत असे, हे विशेष.

पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी हा पगार थकला, तेव्हा सगळे कारागीर काम टाकून निघाले आणि राजांच्या स्मारक मंदिरांपाशी ठाण मांडून बसले. लिखित नोंद असलेला हा सर्वात जुना संप मानतात.

दुपारी रामेसियमला, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या स्मारक मंदिराला गेलो. संपकरी याही मंदिराच्या आवारात घुसले होते. रामसेसच्या कोसळलेल्या पुतळ्याभोवती फोटोंसाठी गर्दी होती, मागच्या कोठारांकडे कुणी फिरकत नव्हतं. मातीच्या विटांच्या त्या लांबलचक कमानी तीन हजार वर्षांनंतरही जागोजागी उभ्या आहेत. एवढी कोठारं असताना माणसं उपाशी! थकलेलं धान्य अखेर मिळालं, पण पुढे पुन्हा थकलं आणि पुन्हा संप झाला.