अकराचे दोन तृतीयांश

सिनेमाला निघताना परीक्षण वाचू नये, हे मला कळतं. पण फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली की बोट आपसूक मोबाईलवर फिरू लागतं. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत तीन परीक्षणं वाचून झाली. एकाने दोन तारे दिले होते, दुसऱ्याने साडेतीन, तिसऱ्याने तारे न देता 'संयत हाताळणी' असं प्रशस्तिपत्र दिलं होतं. तिघांचं एकमत एकाच गोष्टीवर. मध्यंतरानंतर फुटीर आमदारांची मोजदाद चालते ती वीस मिनिटं रटाळ आहेत, सामान्य प्रेक्षकाला आकडेमोडीत रस नसतो.

हे मी शेजारी बसलेल्या मामांना वाचून दाखवलं. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त, आणि जत्रेच्या नाटकांतले गावचे कायमचे खलनायक.

"हो सामान्य प्रेक्षक खंयचो रे?" त्यांनी विचारलं.

सिनेमा हिंदी, राजकीय थरारपट. कुठल्याशा काल्पनिक राज्यातलं सरकार एका रात्रीत पडायच्या बेतात येतं आणि एक बाणेदार पत्रकार धावपळ करतो. नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणी बघायला जाल.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो तेव्हा पणजीतली थिएटरं वेगळीच असतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की माणूस खोकतानासुद्धा जपून खोकतो. 2004 पासून हा महोत्सव इथे आहे, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्यांना वर्षातले आठ-नऊ दिवस समीक्षक व्हायची सवय लागली आहे. उरलेलं वर्ष आम्ही पडद्याशी बोलतो. त्या दिवशीही मध्यंतरापर्यंत नेहमीसारखं चाललं होतं: पाठलाग, पाऊस, मोटारी, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फोनवर मासळीचा भाव विचारत होतं.

मग ती वीस मिनिटं सुरू झाली आणि थिएटर एकदम गप्प झालं. मासळीवाला फोनही बंद झाला. पडद्यावर एक नेता कागदावर आमदारांची नावं लिहून खोडत होता आणि अंधारात मामांची बोटं चालली होती. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नवऱ्याला आकडा सांगितला, तो पडद्यावरच्या नेत्याला सापडायच्या आधी.

यात नवल नाही. आमची गोव्याची विधानसभा चाळीस जणांची, त्यामुळे एकेक आमदार तोंडपाठ. पक्षांतरबंदी 1985 साली आली तेव्हा पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तरी आमदारकी वाचायची. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती वाट बुजवली आणि दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची तेवढी राहिली. 2019 च्या जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले, 2022 च्या सप्टेंबरात अकरापैकी आठ. दोन्ही वेळा हिशेब काठोकाठ. अकराचे दोन तृतीयांश सव्वासातच्या थोडे पुढे जातात आणि माणूस काही तुकड्यात फुटत नाही, म्हणून आठ. हे इथे पानाच्या गादीवरही कळतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, निवडणुकीआधी, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस म्हणजे क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. असा प्रसंग सिनेमात घातला असता तर 'अतिरंजित' म्हणून अर्धा तारा नक्की कापला गेला असता.

शेवटी पराभूत मंत्री रिकाम्या दालनात एकटा बसतो. लांबलचक, मुका प्रसंग. तिन्ही परीक्षणांनी त्यावर एकेक परिच्छेद खर्चला होता आणि मलाही तो मनापासून आवडला. थिएटर मात्र तोवर चपला शोधू लागलं होतं. मामा म्हणाले, "हा एकटा कशाला बसेल? उद्या सकाळी तोही तिकडेच."

म्हणून समीक्षक चुकले, असं म्हणायला जीभ रेटत नाही. नाट्यस्पर्धेत एकदा परीक्षकांनी मामांच्या नावापुढे 'आवाज अनावश्यक मोठा' असा शेरा मारला होता. खरंच मोठा आहे. पण तो रात्री दोन वाजता, देवळासमोरच्या मांडवातून पार खाज्याच्या दुकानांपर्यंत पोचायच्या हिशेबाने कमावलेला. परीक्षक चौथ्या रांगेत बसले होते, त्यांनी काय करावं? मामांनी तो शेरा अजून जपून ठेवलाय आणि आवाज तसूभरही कमी केलेला नाही.

त्यांच्या मते राजकीय सिनेमा झाला तो एकच, 1979 चा 'सिंहासन'. त्यात निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सगळं पाहून शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. "ह्या आजच्या पत्रकाराला वेडही लागत नाही आणि नोकरीही जात नाही," मामा कुरकुरले. हे तिघांपैकी एकाही समीक्षकाच्या नजरेला आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

बाहेर आलो तर पोटात कावळे ओरडत होते. रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभे राहिलो. गाडेवाल्याने ऑम्लेटवर शागोतीचा रस्सा ओतला, वर कांदा भुरभुरला, लिंबाची फोड ठेवली.

"मामा, तुम्ही किती तारे द्याल?"

त्यांनी पाव मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"साडेतीन," म्हणाले. "मिरी थोडी कमी पडलीय."