आत्याची लक्ष्मी आणि तीन टिकल्या

नाशिकला आतेभावाच्या साखरपुड्याला गेले होते. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की हॉलमधला एसी थंड होता आणि पुऱ्याही. काळारामाला रांग बघून बाहेरूनच हात जोडले, रामकुंडाशी पार्किंगवरून भांडण, झालं नाशिक.

पण दुसऱ्या दिवशी आत्याने सराफ बाजारामागच्या वाड्यात नेलं. वाडा पाडणार आहेत, त्यामुळे माजघरात नुसती गाठोडी, आणि भिंतीवर अजून तीच, लहानपणची लक्ष्मी.

रविवर्म्याच्या लक्ष्मीची छापील तसबीर, खाली बारीक अक्षरात कारला-लोणावळा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड घेऊन छापायचे आणि वरून व्हार्निश, म्हणून ती तैलचित्रासारखी चमक. १८९४ ला मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी ह्याच छपाईच्या धंद्यात होते, रविवर्म्यासाठी काम करत.

पण आत्याची लक्ष्मी नुसती छापलेली नाही, नटवलेली आहे. तिच्या आजेसासूबाईंनी खरं रेशमी कापड कापून तिला नेसवलंय, काठाला जर, गळ्यात मणी, पदरावर टिकल्या, आणि हे सगळं चक्क कागदातून सुई घालून! मागचा पुठ्ठा सुटलाय तिथून गाठी दिसतात, मोहरीएवढ्या. चेहरा, हात, पाय मात्र मोकळे, देवीच्या अंगाला सुई लावायची नाही म्हणे. वरच्या दोन हातांत कमळं, खालचे दोन वरदान आणि अभय द्यायला. हल्लीच्या कॅलेंडरांसारखी नाण्यांची धार नाही लावलेली, मला तर हीच जास्त श्रीमंत वाटते. बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती, गजांतलक्ष्मी म्हणतो ना आपण, तो. त्याच्या कपाळावर एकच टिकली.

"उरली असेल," आत्या म्हणाली.

मी लगेच शहाणपणा सुरू केला, ओलं फडकं लावू नकोस, काच जरीला टेकू देऊ नकोस, मध्ये पट्टी घालून घे. आत्याने सगळं ऐकलं आणि पदराच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे टिकल्या नव्हत्या, नुसते तुटके दोरे.

"मेली कसर. बघ कशी खाल्लीये."

कसर टिकल्या खात नाही. मी चौथीत असताना मे महिन्यात हिची काच फुटली होती, नवी येईपर्यंत आठ दिवस ही कोनाड्यात उघडी होती, आणि त्याच आठवड्यात माझ्या बाहुलीचं लग्न होतं.

"हो गं," मी म्हटलं, "कसरच."