मोठ्या मायचा आवाज परत मिळाला, त्याची गोष्ट

आमचं गाव पारोळा तालुक्यात. २०१२ च्या श्रावणात घरी कानबाई (खान्देशात श्रावणात पुजली जाणारी देवी) बसली होती. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, रात्रीच्या जागरणाचं हँडीकॅमवर शूटिंग केलं होतं. त्यात मोठी माय कानबाईची गाणी म्हणते. ती गेल्यावर तिचा आवाज उरला तो त्या चौदा फायलींमध्येच.

यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद गावी जमणार होते. रोटांचं जेवण झाल्यावर हे शूटिंग टीव्हीवर लावायचं ठरलं. मी फायली धुळ्याला आणून नव्या लॅपटॉपवर लावल्या. चित्र स्वच्छ दिसत होतं. मोठी माय डोक्यावरचा पदर सावरते, तोंड उघडते, बाजूच्या बाया टाळ्या धरतात, पण आवाज कुठेच नाही. धाकटा भाऊ मागून म्हणाला, "आवाज कोठे गया रे भो?" माझ्या पोटात गोळाच आला.

आवाजाची पट्टी पूर्ण वर केली, हेडफोन लावून पाहिला, साउंड ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. बाकी गाणी छान वाजत होती. फायलीच्या नावातलं 'एमटीएस' खोडून 'एमपी४' लिहिलं, तरी काही फरक नाही. (नाव बदलल्यानं आतला माल बदलत नसतो.) एका दुकानात दाखवलं तर त्यांनी सांगितलं, "कॅमेऱ्याचा माइक तेव्हा बंद असेल, रेकॉर्डिंगच झालेलं नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. मग कुठलंतरी 'कोडेक पॅक' (व्हिडिओ वाजवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उतरवलं. त्याच्यासोबत नको ती दोन सॉफ्टवेअर आली आणि ती काढण्यात अर्धा दिवस गेला. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

वाट सापडली ती आबांच्या एका वाक्यानं. मी फोन केला तर ते म्हणाले, "अरे, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तर मी दरवर्षी ऐकतो." म्हणजे आवाज फायलीत होता. माझ्याच लॅपटॉपला तो वाचता येत नव्हता.

व्हिडिओ फाइल हा नुसता डबा असतो. एकाच डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत वेगवेगळं बांधून द्यावं, तसं चित्र एका पद्धतीनं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीनं दाबून भरलेला असतो. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. चित्राचा कोडेक संगणकाकडे असेल आणि आवाजाचा नसेल, तर चित्र मुकं चालतं.

मग व्हीएलसी प्लेयर त्याच्या मूळ साइटवरून घेतला. तो फुकट आहे आणि बहुतेक कोडेक तो स्वतःसोबतच घेऊन येतो. फाइल त्यात उघडली आणि पहिल्याच क्षणी ढोलकी वाजली. मी खुर्चीतून उठलोच. चालू व्हिडिओवर कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की कोडेकची माहिती दिसते. चित्रासमोर एच२६४ होतं आणि आवाजासमोर 'ए५२ ऑडिओ, ऊर्फ एसी३'. एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल. त्या काळातले बरेच हँडीकॅम एव्हीसीएचडी पद्धतीनं शूटिंग करत आणि त्यात आवाज एसी३ मध्ये ठेवत. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो उलगडणारा डिकोडर होता, माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत तो आलाच नव्हता. आधी हे नाव वाचलं असतं, तर आठवडा वाचला असता.

पण पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर तिथेही तेच मुकं चित्र. म्हणजे आवाजाचं रूप बदलणं भाग होतं. पहिली फाइल मी एका कन्व्हर्टरमधून पूर्ण बदलून घेतली. तासाभरापेक्षा जास्त वेळ लागला आणि मोठ्या मायच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट झाल्या, कारण चित्रही नव्यानं दाबलं गेलं होतं. ती फाइल मी लगेच पुसली.

नंतर अ‍ॅव्हिडेमक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं. डाव्या बाजूला व्हिडिओ आउटपुट 'कॉपी' ठेवायचं, ऑडिओ आउटपुट 'एएसी' (हा आवाजाचा दुसरा कोडेक) करायचं, खाली एमपी४ निवडायचं आणि नव्या नावानं सेव्ह करायचं. चित्राला हात लागत नाही, फक्त आवाज बदलतो. प्रत्येक फाइल काही मिनिटांत झाली. प्रत्येकीच्या शेवटी जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का, तेवढं पाहिलं. मूळ फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर तशाच ठेवल्या आहेत.

रविवारी रात्री टीव्ही लावला. आत्या अगदी पुढे सतरंजीवर बसली होती. पहिलं गाणं संपलं आणि दुसरं सुरू होण्याआधी मोठी माय खोकली, बांगड्या वाजल्या आणि कुणाकडे तरी वळून तिनं विचारलं, "पोरेसले जेवाले दिधं का वं?"

आत्यानं माझा हात धरला. "मांगे ले," म्हणाली. मी मागे घेतलं. तिनं ते एवढंच वाक्य चार वेळा ऐकलं, मग आम्ही दुसऱ्या गाण्याकडे गेलो.