पाणी किती आहे?

फेब्रुवारी सरत आला की आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं सुरू होतं. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडले की तो ओसरीवरून ओरडतो, "पाणी किती आहे, शा?" 'शा' हे इथल्या फ्रेंचमधलं लाडाचं संबोधन, आपल्या 'बाळा'सारखं. आणि पाणी म्हणजे अचाफलाया नदीचं, ब्यूट ला रोझ नावाच्या गावापाशी मोजलेलं, फुटांत. त्याच्या खिशात फोन असतो, तो त्याला वापरताही येतो. तरी आकडा मीच बघून सांगायचा. ऐकून म्हातारा नुसतं "हं" करतो, आणि त्या "हं"वरून यंदा क्रॉफिश किती मिळणार ते मला कळतं.

लुइझियानातल्या लाफायेतमध्ये राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. क्रॉफिशबद्दल घरी सांगताना दर वेळी माझी पंचाईत होते, कारण आपल्याकडे हा प्राणीच नाही. गोड्या पाण्यातले खेकडे आहेत, कोळंबी आहे, पण क्रॉफिश भारतात मूळचा कुठेच नाही. बोटाएवढी शेवंड (लॉब्स्टर) डोळ्यांसमोर आणा, तिला खेकड्याच्या नांग्या लावा आणि चिखलात लोळवा. झाला क्रॉफिश. बाहेरचे लोक 'क्रेफिश' म्हणतात. इथे तसं म्हणून बघा, दुकानातलं लहान पोरही दुरुस्ती करतं.

म्हातारा-म्हातारीला अख्खी गल्ली पॉ-पॉ आणि मॉ-मॉ म्हणते, म्हणजे आजोबा आणि आजी. दोघं केजन. इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकेडियातून फ्रेंच शेतकऱ्यांना हुसकून लावलं, घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबली. कुठे कुठे भटकून त्यांतली बरीच कुटुंबं या दलदलीत येऊन टेकली. अकेडियनचं बोलता बोलता केजन झालं. पॉ-पॉ सांगतो की त्या किनाऱ्यावरच्या शेवंडांना आपली माणसं गेल्याचं इतकं दुःख झालं की त्याही मागोमाग पोहत निघाल्या. वाट एवढी लांबची की इथे पोहोचेपर्यंत झिजून झिजून एवढ्याशा राहिल्या. हे तो दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी शेवंडांचा प्रवास थोडा लांबतो.

पहिल्यांदा त्याने आम्हाला सोबत नेलं तेव्हा मला वाटलं होतं होडी असेल. होडी नव्हती. हेंडरसन गावाच्या पुढे नदीच्या बांधाला लागून जे खोलगट पाणी साचतं, तिथे गुडघाभर बुटांत उतरायचं. डोक्यावर महामार्गाचा पूल, जवळजवळ २९ किलोमीटर लांब, सगळा दलदलीवरून गेलेला. खाली सायप्रसची झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं करडं शेवाळासारखं काहीतरी, आणि जलपर्णी. तिला बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी फोटो काढला. पॉ-पॉला कळेना, या तणाचा फोटो कशाला.

जाळी साधी असतात. हातभर चौकोनी जाळं, त्यावर दोन तारा कमानीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या, वर चिंधी बांधलेली म्हणजे गवतात दिसावं. मधोमध आमिष. आपल्याकडे खाडीवर चिंबोऱ्यांसाठी कड्याला जाळं लावून सोडतात, त्याचाच हा चुलतभाऊ. जुन्या माणसांचं आमिष म्हणजे गुराची पाणथरी. ती चिवट, लवकर सुटत नाही. मला काही तिला हात लावणं जमलं नाही, म्हणून माझ्या वाट्याला कोंबडीच्या माना. वीस-पंचवीस जाळी ओळीने लावायची, शेवटचं लावून झालं की पहिल्याकडे परतायचं, लांब काठीच्या आकड्याने तार धरून एका झटक्यात उचलायचं. रेंगाळलात तर क्रॉफिश शेपटी आपटत मागच्या मागे पसार. तोही माझ्यासारखाच, संकट आलं की उलटा पळणारा.

काही गोष्टी कुणी सांगत नाही. बांधावर जिथे तुम्ही टेकाल तिथे लाल मुंग्यांचं वारूळ असतं. पाण्यात हात घालण्याआधी काठी घालायची, कारण विषारी पाणसाप असतात. आणि मगर दिसली तर आरडाओरडा करायचा नाही, पोरं हसतात.

माझी पत मात्र त्या दिवशी एका गोष्टीने वाढली. जाळ्यात आठ-दहा आले, नातवंडं हातमोजे शोधायला लागली, आणि मी एकेकाला पाठीमागून, नांग्यांच्या मागे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बादलीत टाकत गेले. पॉ-पॉने विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, चिपळूणजवळ. पहिला पाऊस झाला की रात्री बत्ती घेऊन भाताच्या बांधावर मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरायला जायचो आम्ही. धरायची पद्धत हीच. चुकलं तर होणारी शिक्षाही हीच.

भाताची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. आता लुइझियानातला बहुतेक क्रॉफिश तळ्यांतला असतो, आणि ती तळी म्हणजे भाताचीच खाचरं. उन्हाळ्यात भात काढायचा, ऑक्टोबरच्या सुमारास त्याच खाचरांत पाणी सोडायचं, धसकटांवर क्रॉफिश पोसायचा, वसंत संपेपर्यंत काढत राहायचा. शेतकऱ्याला एकाच जमिनीतून दोन पिकं. पॉ-पॉला हे सगळं मान्य आहे, तळ्यातला तो खातोही, पण खाताना चेहरा असा करतो की जणू पाहुण्यांकडे कमी तिखट आमटी वाढलीय.

नदीतला मिळणं हे पाण्यावर. या जिवाला ओसरलेलं पाणीही लागतं आणि पूरही. पाणी उतरलं की मादी चिखलात बीळ करून खाली जाते. वर चिखलाच्या गोळ्यांचं वीतभर धुरांडं उभं राहतं, तेवढीच तिच्या घराची खूण. शेपटीखाली अंडी धरून ती आत बसते. मग उत्तरेकडचा पाऊस, वितळलेला बर्फ असं सगळं नदीतून खाली आलं की रानात पाणी शिरतं आणि पिल्लं बाहेर पडतात. पाणी फार दिवस साचून राहिलं तर पानं कुजून त्यातला प्राणवायू संपतो, पाणी काळं पडतं. म्हणून होडीवाले आपले पिंजरे नेहमी वरचं तोंड पाण्याबाहेर ठेवून लावतात. आत अडकलेल्यांना वर चढून श्वास तरी घेता येतो. २०२३ चा उन्हाळा इतका कोरडा गेला की बिळांतली ओलच गेली. २०२४ च्या सुरुवातीला बाजारात क्रॉफिश दिसेना, दिसला तर भाव ऐकून माणसं परत फिरत. त्या वर्षी पॉ-पॉने मला पाणी विचारलंच नाही. मला ते जास्त लागलं.

बरं, हे पाणी सगळं देवाच्या हातातलंही नाही. मिसिसिपी आपला मार्ग सोडून अचाफलायाच्या वाटेने समुद्राला जाऊ बघत होती. ती गेली असती तर खाली न्यू ऑर्लिन्सचं कठीण होतं. म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी वरती दरवाजे बांधले, १९६३ मध्ये ते पुरे झाले. मिसिसिपी आणि रेड या दोन्ही नद्यांचं मिळून जे पाणी येतं त्यातलं ३० टक्के अचाफलायाला, असं वाटप ठरलेलं आहे. मला हे समजावून सांगताना पॉ-पॉला वाटलं होतं की मला ते अवघड जाईल. माझं बालपण वाशिष्ठीच्या काठी गेलं. घाटावरच्या कोयनेचं पाणी वीज करून आमच्या नदीत येतं, आणि वर कुणी काय ठरवलं त्यावर खाली आमचा काठ ठरतो. आम्ही दोघं त्या एका विषयावर तासभर बोललो.

गुड फ्रायडेला त्यांच्या अंगणात मोठा बेत असतो. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, पण क्रॉफिश मासळीत मोडतो. असा उपास आम्हाला का नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. त्या दिवशी मी एकदा कुंडीतलं रोप जमिनीत लावायला कुदळ घेतली, तर मॉ-मॉ धावत आली. गुड फ्रायडेला माती खणायची नाही, जमिनीतून रक्त येतं. मी कुदळ तिथेच ठेवली. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या, विळीला हात न लावणाऱ्या घरातली मी. मला कारण विचारायची गरज पडली नाही.

आम्ही पकडलेल्या दोन बादल्या पंचवीस माणसांना कुठे पुरायला? एक पुतण्या होडीवाला आहे, तो जाळीदार पिशव्या आणतो, एकेक पंधरा-सोळा किलोची. सगळं मोठ्या टबात ओतून पाणी नितळ होईपर्यंत धुवायचं. काही लोक त्यात मीठ टाकतात, म्हणे पोट साफ होतं. पॉ-पॉच्या मते त्याने फक्त मीठ वाया जातं, आणि इथल्या विद्यापीठाच्या शेतकी खात्याचंही तेच म्हणणं आहे. अंगणात गॅसची शेगडी, तिच्यावर लग्नातल्या पातेल्याच्या तोलाचं पातेलं. पाण्यात मीठ, लाल मिरचीचा मसाला, अर्धी कापलेली लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे. आधी बटाटे, मग क्रॉफिश, पुन्हा उकळी फुटली की जेमतेम चार-पाच मिनिटं. आणि मग आच बंद.

मला वाटलं झालं. मी ताट घेऊन उभी. पण खरं काम इथून पुढे. मक्याची कणसं टाकायची, थोडा बर्फ टाकायचा म्हणजे शिजणं थांबतं, आणि अर्धा तास काही करायचं नाही. गरम असताना क्रॉफिश वर तरंगतात. पाणी निवत गेलं की मसाला पिऊन जड होतात आणि तळाला बसतात. ते बसेपर्यंत झाकणाला हात लावणाऱ्याला पॉ-पॉ झाऱ्याने मारतो. खोटं नाही, जावयालाही मारलंय.

त्या अर्ध्या तासात त्याच्या शाळेच्या गोष्टी निघतात. १९२१ च्या इथल्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. घरी फ्रेंचशिवाय काही न ऐकलेलं हे पोर पहिल्या दिवशी लघवीला जायचं फ्रेंचमध्ये विचारून बसलं आणि छड्या खाऊन आलं. आपल्या मुलांना त्याने फ्रेंच शिकवलं नाही. क्रॉफिशला मात्र तो अजून 'एक्रेविस'च म्हणतो, आणि शिव्या फक्त फ्रेंचमध्ये देतो. नातवंडांना तेवढं फ्रेंच उत्तम येतं.

मग लांब टेबलावर वर्तमानपत्रं, त्यांच्यावर पातेलंभर लाल ढीग. उभ्यानेच खायचं. शेपटी पिळून काढायची, डोकं चोखायचं. पिवळसर मऊ भाग असतो तो, सगळी चव तिथे. माझ्या ऑफिसातल्या उत्तरेकडच्या मुलीला ते बघवेना. कोकणातल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काय आहे?

२०२५ च्या गुड फ्रायडेला माझी आई इथे होती. तिने नीट खाल्लं, तिखटाची तारीफ केली, पण तिची नजर सारखी टेबलाच्या कडेला. टरफलं, पाय, नांग्या, सगळं गोळा करून कचऱ्यात. "एवढा जिन्नस टाकतात?" ती मला हळूच म्हणाली, जणू ते मराठी समजतात. किलोभर शेपट्यांसाठी सहा-सात किलो क्रॉफिश लागतो; तिचं म्हणणं, उरलेले पाच-सहा किलो काय माती आहेत?

मॉ-मॉने दुसऱ्या दिवसासाठी थोडे जिवंत बर्फाच्या पेटीत ठेवले होते. तिचा बेत बिस्कचा. मैदा तेलात गडद तपकिरी होईपर्यंत ढवळायचा, हात थांबला की जळालाच; शेपट्यांचं बारीक सारण करून धुतलेल्या डोक्यांच्या टरफलांत भरायचं; मग ती डोकी त्या रश्शात. पूर्वी बहिणी-जावा मिळून शंभर शंभर डोकी भरत. आता तिच्या सुना विकतचं आणतात, हे तिने आईला इंग्रजीत सांगितलं आणि आईने मराठीत "आमच्याकडेही तेच" म्हटलं.

मग आईने पाय आणि लहान नांग्या मागून घेतल्या. आमच्या घरी पाटा नाही, मिक्सरचं भांडं खरवडेल, म्हणून जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटल्या. पाणी घालून गाळून रस काढला. भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मिरची, दोन आमसुलं. रस फुटू नये म्हणून मंद आचेवर ढवळत राहायचं. मॉ-मॉ शेजारी आपला मैदा ढवळत होती. दोघी एकमेकींच्या पातेल्यात डोकावत होत्या आणि एकमेकींची आच कमी करत होत्या. पॉ-पॉने ते कालवण भातावर घेतलं, मग पुन्हा घेतलं, आणि ते जांभळं आंबट काय आहे ते बघायला आमसूल बोटाने उचलून उजेडात धरलं. आईचा निकाल असा: "बरं आहे. पण मुठ्यांची गोडी नाही."

जूनमध्ये आईचा फोन आला. पाऊस लागला, काल रात्री वाडीतली पोरं मुठे घेऊन आली, तुझ्या म्हाताऱ्याला सांग. मी ओसरीवर जाऊन सांगितलं. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"त्यांच्याकडे पाणी किती आहे?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "पऱ्याला गुडघाभर." पऱ्या म्हणजे ओढा.

गुडघा कुठवर ते मी हाताने दाखवलं. म्हातारा म्हणाला, "हं."