दीड गुंज सोनं
आज दिवसभर प्रयोगशाळेत सोनं तोललं. घरी फोनवर सांगितलं तर आईला वाटलं, पोरीनं सराफाकडे नोकरी धरली!

सिरियम नावाचा धातू आणि तांबं, अणूंचं प्रमाण एकास सहा. यांचे स्फटिक चुंबकीय नाहीत. सिरियमच्या प्रत्येक अणूत चिमुकला चुंबक असतो, पण धातूतले फिरते इलेक्ट्रॉन त्याला वेढून निष्प्रभ करतात. याला काँडो परिणाम म्हणतात. आता थोडं तांबं काढून सोनं घाला. सोन्याचा अणू मोठा, स्फटिकातली अणूंची जाळी जरा फुगते, वेढा सैल पडतो. मग ते चुंबक एकमेकांचं ऐकू लागतात आणि आलटून-पालटून उलटसुलट रांगा लावतात.

गंमत सीमारेषेवर आहे. तांब्याच्या दर 60 अणूंपैकी एकाच्या जागी सोनं, की चुंबकत्व शून्य केल्व्हिनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानाच्या, उंबरठ्यावर येऊन अडतं. धड आत नाही, धड बाहेर नाही. हा क्वांटम क्रिटिकल पॉइंट. साध्या धातूत विशिष्ट उष्मा (तापमान एक अंशानं वाढवायला लागणारी उष्णता) भागिले तापमान हे गुणोत्तर थंडीत स्थिरावतं. इथे तापमान उतरेल तसं ते लॉगरिदमसारखं, हळूहळू पण न थांबता, वाढतच राहतं. 1990च्या दशकात जर्मनीत कार्ल्सरुहला भौतिकशास्त्रज्ञ हिल्बर्ट फॉन लोनायझेन यांच्या गटानं हे दाखवलं.

माझ्या पाच ग्रॅमच्या नमुन्यात सोनं 184 मिलिग्रॅम, म्हणजे आजीच्या हिशेबात दीड गुंज. ते नीट तोललं, पण सिरियमवर ऑक्साइड चढलेला! कानशीनं घासलं, वजन बदललं, सगळं गणित पुन्हा. आर्गॉन वायूत विजेचा आर्क पेटवून गोळी चारदा उलटून वितळवली तेव्हा रात्रीचे नऊ.

डबा अजून तसाच आहे. भेंडी गार झालीये.