रिव्हरवरची छोटी बेट

कोथरूडला शनिवारी आमचा पोकर असतो, पैसे नाही, नुसत्या चिप्स, आणि रिव्हर (टेबलावरचं शेवटचं उघडं पान) आली की सगळे चेक करतात (काही न लावता पाळी पुढे देतात) मग समोरच्याने ७०० टाकले की डोकं धरून बसतात. अरे आधी तुम्हीच छोटी बेट टाका ना! समजा हातात राजा-गुलाम, बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पानांत) राजा पण तिसरं इस्पिकही पडलंय, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १००० चा आणि पहिली पाळी तुमची, तर २५० टाका, बरेचदा समोरचा नव्व्यांची जोडी घेऊन नुसता कॉल करतो (तेवढ्याच चिप्स टाकतो) आणि शोडाउन (शेवटी पानं उघडून बघणं) स्वस्तात मिळतो. शांत खेळणाऱ्याने यावर रेझ केलं (बेट वाढवली) तर सरळ फोल्ड (पानं टाकून द्या), हट्ट नको, फ्लश (इथे पाच इस्पिकं) असतो बहुतेक. फक्त सारखा ब्लफ मारणाऱ्यासमोर हे करू नका, तो छोटी बेट बघून अंगावरच येतो, तिथे चेक करून कॉल बरा.