आखनमधले पहिले सहा आठवडे: आधी पत्ता, मग बाकी सगळं

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने आखन गाठेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जर्मनीत सुपरमार्केटं बंद. आईने निघताना बळंच बॅगेत कोंबलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर तो दिवस काढला. तिकीट काढताना शक्यतो सोमवार ते गुरुवारमध्ये पोचाल असं बघा.

पण खरी दमछाक झाली ती पत्त्यापायी. खोली मी पुण्यातूनच ठरवली होती, दोन महिन्यांसाठी पोटभाड्याने. भाडं परवडणारं, युनिव्हर्सिटी चालत पंधरा मिनिटांवर. "तिथे अनमेल्डुंग होणार का?" एवढं मात्र विचारायचं राहिलं. अनमेल्डुंग म्हणजे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात करायची पत्त्याची नोंदणी. तिला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो: वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. नाव भलंमोठं, कागद जेमतेम एक पान. कोण राहायला आलं, कुठे, कधीपासून आणि खाली सही. मालकाने सही करायला नकार दिला, आणि त्या एका सहीपायी सगळंच अडलं.

बँकेने नोंदणीचा दाखला मागितला. इथलं खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक पैसेच सोडणारं खातं) महिन्याचे ९९२ युरो सुटेनात. वर्षाचे ११,९०४ युरो तिथे पडून, आणि मी सोबत आणलेल्या रोख ८०० युरोंमधले सुटे मोजत बसलेली. नोंदणीनंतर टॅक्स नंबर पोस्टाने येतो, तोही नाही. त्यामुळे पार्टटाइम कामाचं बोलणं लांबलं. बाबांचं कर्ज डोळ्यांसमोर होतं, रात्री झोप लागत नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी बुर्टशाइड भागात तीन मुलींच्या घरात एक खोली मिळाली. नव्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघराच्या टेबलावर तो कागद माझ्यासमोर भरला, सही केली आणि लगेच दारापाशी नेऊन टपालपेटीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. ही चिठ्ठी विसरू नका. इथे टपाल नावावर येतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आधीच्या घरी माझं विम्याचं कार्ड असंच परत गेलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते: खोली पक्की करण्याआधी सहीबद्दल लेखी विचारा. स्टुडंट हॉस्टेलचा अर्ज प्रवेशपत्र येताच टाका, रांग मोठी असते. निदान दोन महिने निभेल एवढा पैसा ब्लॉक्ड अकाउंटबाहेर ठेवा. आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, अजून नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते, त्याशिवाय व्हिसाची फाइल पुढे सरकत नाही.

सामानाचं थोडक्यात. तूर डाळ, पोहे एशियन दुकानात मिळतात, वजन वाया घालवू नका. सपाट बुडाचा तीन लिटरचा कुकर आणि जास्तीची रिंग आणा. तूप, पेढे नकोत. दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा, स्मोक अलार्म फार हळवे असतात.

आखनच्या सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. त्यातच तिकीट येतं, त्यावर देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्या चालतात. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, मात्र नाहीत. परीक्षेला वेगळी नोंदणी लागते, तिची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा.

नोंदणी झाली त्या संध्याकाळी एलिझेनब्रुनेनपाशी गेले. गरम झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा तोच वास, वज्रेश्वरीला लहानपणी आलेला. तिथेच कठड्यावर बसून आईला फोन लावला, दाखल्याचा फोटो पाठवला. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण माझं नाव बरोबर लिहिलंय का ते तिने दोनदा तपासलं.